केळ्याचा दाखला पुरे, आता तयारी दाखवा!



मागच्या आठवड्यात एक आजी दवाखान्यात आल्या होत्या. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला दर महिन्याला येतात. गोळ्या पिशवीत टाकल्या आणि उठता उठता म्हणाल्या, "डॉक्टर, खरं सांगा. माडबनला ते वीजघर झालं तर नातवंडांना काय होईल? टीव्हीवरचे साहेब म्हणतात, केळं खाण्याइतकंच रेडिएशन. पुतण्या म्हणतो, लुळीपांगळी पोरं जन्माला येतील. कुणाचं खरं?"

"दोघांचंही अर्धवट," मी म्हणालो. तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला आणि उत्तर राहून गेलं. ते आज सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न एकट्या आजींचा नाही.

विषय आपल्या राजापूर तालुक्यातल्या जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाचा आहे. फ्रेंच बनावटीच्या सहा अणुभट्ट्या, प्रत्येकी १६५० मेगावॉट, एकूण ९९०० मेगावॉट. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली भागातली सुमारे ९३८ हेक्टर जमीन घेऊन झाली. २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली, २०११ मध्ये आंदोलनात गोळीबार होऊन एक तरुण गेला. अणुभट्टी अजून उभी राहिलेली नाही, पण चर्चा मात्र दर वर्षी नव्याने पेटते. आणि दर वेळी आपल्या तब्येतीबद्दल जे बोललं जातं, ते एक तर घाबरवणारं असतं किंवा गप्प बसवणारं.

पुतण्याची भीती

आधी पुतण्याला उत्तर देतो. व्यवस्थित चालणाऱ्या अणुवीज प्रकल्पाशेजारी राहिल्यामुळे लुळीपांगळी मुलं जन्माला येत नाहीत. किरणोत्सर्गाचा डोस मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. माती, दगड, हवा, अन्न यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये साधारण ८ ते १० मिळतात. प्रकल्पामुळे आजूबाजूच्या माणसाला वर्षाला १ पेक्षा जास्त मिळता कामा नये असा नियम आहे, आणि प्रत्यक्षात मोजला जाणारा डोस त्याहून पुष्कळ कमी असतो. गर्भात व्यंग निर्माण व्हायला साधारण १०० मिलिसिव्हर्टच्या वरचा डोस लागतो. तेव्हा व्यंग असलेल्या बाळांचे फोटो दाखवून गरोदर बायकांची झोप उडवणाऱ्यांनी हा उद्योग थांबवावा. प्रकल्पाला विरोध करायचा तो खुशाल करा, पण खोट्या फोटोंच्या आधारावर नको.

साहेबांचं केळं

आता टीव्हीवरच्या साहेबांकडे वळू. केळ्यात पोटॅशियम असतं आणि त्यातला अगदी थोडा अंश किरणोत्सर्गी असतो, हे खरं आहे. पण शरीरातलं पोटॅशियम मूत्रपिंडं ठरावीक पातळीवर राखतात. तुम्ही डझनभर केळी खाल्लीत तरी जादाचं पोटॅशियम लघवीवाटे बाहेर पडतं, शरीरात साठून राहत नाही.

अपघातात बाहेर पडणारे पदार्थ असे वागत नाहीत. किरणोत्सर्गी आयोडीन थेट गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन बसतं, कारण त्या ग्रंथीला आयोडीन हवंच असतं. लहान मुलाची ग्रंथी छोटी, त्यामुळे तेवढ्याच आयोडीनचा तिला बसणारा मार मोठा. स्ट्रॉन्शियम हाडात शिरतं. सीझियम स्नायूंत पसरतं, आणि जमिनीवर पडलेलं सीझियम निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात.

म्हणून केळ्याचा दाखला मला डॉक्टर म्हणून खटकतो. तो रोजच्या चालत्या प्रकल्पाबद्दल आहे, आणि लोक विचारतात अपघाताबद्दल. पेशंटने विचारावं "ऑपरेशनमध्ये काही बिघडलं तर काय कराल?" आणि सर्जनने सांगावं "आमच्या वॉर्डात जेवण चांगलं मिळतं", त्यातला हा प्रकार!

फुकुशिमात माणसं कशाने गेली?

अणुभट्टी समुद्राकाठी बांधतात ती थंड करायला भरपूर पाणी लागतं म्हणून. आणि अणुभट्टी बंद केली की ती लगेच थंड होत नाही. चूल विझवली तरी निखारे धगधगत राहतात, तसंच. त्या निखाऱ्यांवर सतत पाणी फिरवायला पंप हवेत, आणि पंपांना वीज हवी.

११ मार्च २०११ रोजी जपानच्या फुकुशिमा दाईइची प्रकल्पात अणुभट्ट्या भूकंप होताच आपोआप बंद झाल्या. मग लाट आली. तळघरातले डिझेल जनरेटर बुडाले, पंप थांबले आणि तीन अणुभट्ट्यांचा गाभा वितळला. प्रकल्पाची जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे १० मीटर उंचीवर होती. लाट त्याहून उंच होती.

त्याच किनाऱ्यावर, भूकंपाच्या केंद्राला त्याहूनही जवळ, ओनागावा नावाचा दुसरा अणुप्रकल्प आहे. तो १४ मीटरहून अधिक उंचीवर बांधलेला होता. तो वाचला. इतका सुरक्षित राहिला की घरं वाहून गेलेल्या तीनशेहून जास्त गावकऱ्यांनी प्रकल्पाच्याच आवारात आसरा घेतला. म्हणजे भूकंप तोच, समुद्र तोच. फरक पडला तो आधीच्या तयारीने.

आता मी तुम्हाला जे सांगणार आहे, ते आपल्याकडच्या चर्चेत जवळजवळ कुणीच बोलत नाही. फुकुशिमात किरणोत्सर्गामुळे स्थानिक लोकांच्या आरोग्यावर थेट परिणाम झाल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीला आढळलेलं नाही. मग माणसं गेली कशाने? स्थलांतराने.

प्रकल्पापासून साडेचार किलोमीटरवर एक रुग्णालय होतं. अंथरुणाला खिळलेले वृद्ध पेशंट. त्यांना घाईघाईने बसमध्ये बसवून कित्येक तास फिरवलं गेलं. सोबत पुरेसे डॉक्टर नव्हते, पाणी, औषधं नव्हती. चाळीसहून अधिक पेशंट त्या धावपळीत आणि त्यानंतर दगावले. फुकुशिमा प्रांतात भूकंप आणि लाटेत थेट मेलेली माणसं सुमारे १६००. त्यानंतर विस्थापनाच्या हालअपेष्टांत, औषधं तुटल्याने, थंडीने, खचून गेलेली माणसं २३०० हून अधिक, त्यातली बहुतेक म्हातारी.

हे जपानमध्ये झालं. जिथले रस्ते, रुग्णवाहिका आणि शिस्त यांची आपण उदाहरणं देतो, तिथे.

आता आपल्या तालुक्याकडे बघा

माझा हार्ट अॅटॅकचा पेशंट मी रत्नागिरीला किंवा कोल्हापूरला पाठवतो. कोल्हापूरला जायचं तर अणुस्कुरा घाट. पावसाळ्यात तिथे दरड कोसळली की काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. अर्जुना आणि कोदवली नद्यांना पूर आला की राजापूरची बाजारपेठ पाण्यात जाते. एका पेशंटला वेळेत पोहोचवताना आमची ही तारांबळ, मग हजारोंना एकदम हलवायचं झालं तर?

आपल्याकडे अणुप्रकल्पाभोवती १६ किलोमीटरचा आपत्कालीन नियोजनाचा पट्टा धरण्याची पद्धत राहिली आहे. नकाशा उघडून बघा. माडबनच्या दक्षिणेला खाडीपलीकडे विजयदुर्ग दिसतो, म्हणजे पट्ट्यात सिंधुदुर्ग जिल्हाही आला. दोन जिल्हे, दोन कलेक्टर, मध्ये खाडी. त्या पट्ट्यातल्या डायलिसिसच्या पेशंटना कुठे न्यायचं? ऑक्सिजनवरच्या आजोबांना कोण उचलणार? दिवस भरलेली बाई कोणत्या गाडीत बसणार? मुंबईला पोटापाण्यासाठी गेलेल्यांच्या घरात एकटी राहणारी म्हातारी माणसं किती, याची यादी कुणाकडे आहे?

माझ्या मते प्रकल्प सुरक्षित आहे का, या प्रश्नाचं अर्धं उत्तर अणुभट्टीच्या कुंपणाबाहेर आहे.

आयोडीनची गोळी

१९८६ च्या चेर्नोबिलच्या अपघातानंतर तिथल्या मुलांत थायरॉइडचा कॅन्सर वाढला. लहानपणी त्या भागात राहणाऱ्यांत २००५ पर्यंत ६००० हून अधिक रुग्ण सापडले. त्यात मोठा वाटा होता दुधातून पोटात गेलेल्या किरणोत्सर्गी आयोडीनचा. सुदैवाने हा कॅन्सर बहुतेकदा बरा होतो. पण तो टाळताही आला असता. शेजारच्या पोलंडने काही दिवसांत एक कोटीहून अधिक मुलांना साधं आयोडीन पाजलं.

तत्त्व सोपं आहे. ग्रंथी आधीच साध्या आयोडीनने भरली की किरणोत्सर्गी आयोडीनला जागा उरत नाही. मोठ्या माणसाला पोटॅशियम आयोडाइड १३० मिलिग्रॅम, ३ ते १८ वर्षांच्या मुलांना ६५, त्याहून लहानांना आणखी कमी. पण वेळ महत्त्वाची. संपर्काच्या आधीच्या २४ तासांत किंवा नंतरच्या पहिल्या दोन तासांत गोळी घेतली तर सर्वांत उत्तम, आठ तासांपर्यंत थोडा उपयोग. म्हणजे गोळी जिल्ह्याच्या गोदामात असून चालणार नाही. ती घरात, शाळेत, अंगणवाडीत हवी.

ज्या फ्रान्सकडून आपण ही अणुभट्टी घेणार आहोत, तो देश आपल्या प्रकल्पांभोवतीच्या घरांना या गोळ्या आधीच देऊन ठेवतो. पूर्वी १० किलोमीटरपर्यंत, २०१९ पासून २० किलोमीटरपर्यंत. अणुभट्टी फ्रेंच चालते, मग ही पद्धत का चालू नये? फ्रेंच बाळाची थायरॉइड ग्रंथी नाट्याच्या बाळापेक्षा नाजूक असते का?

(इशारा: हे वाचून घरी गोळ्या आणू नका. टिंक्चर आयोडीन पिऊ नका, जास्त मीठ खाऊ नका, त्याने अपायच होईल. ही गोळी आयोडीनपुरतीच आहे, इतर किरणोत्सर्गी पदार्थांवर ती चालत नाही.)

मोजणी आधी, दावे नंतर

जर्मनीत १६ अणुप्रकल्पांभोवतीचा एक अभ्यास २००७ मध्ये पुढे आला. पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या पाच वर्षांखालच्या मुलांत १९८० ते २००३ या काळात रक्ताच्या कॅन्सरचे ३७ रुग्ण आढळले. अपेक्षा होती साधारण १७ ची. गंमत म्हणजे प्रकल्पांतून बाहेर पडणारा डोस इतका कमी होता की त्याने हे होणं शक्य वाटत नाही. कारण आजही नक्की माहीत नाही.

उलट उदाहरण केरळचं. करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग खूप जास्त आहे. तिथल्या सुमारे ७०,००० लोकांचा दहा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केला. त्यामुळे कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही.

दोन्ही अभ्यासांतून मी एकच धडा घेतो. दोन्ही ठिकाणी कॅन्सरची नोंदवही होती, म्हणून प्रश्न विचारता आला आणि उत्तर मिळालं.

कोकणात मशेरी लावणाऱ्या बायका आहेत, तंबाखू खाणारे पुरुष आहेत, रासायनिक कारखाने आहेत. प्रकल्प सुरू झाल्यावर पाच वर्षांनी गावात कॅन्सरचे चार पेशंट निघाले तर लोक म्हणतील प्रकल्पामुळे, अधिकारी म्हणतील मशेरीमुळे. आधीचा गावनिहाय आकडा हातात नसेल तर दोघांपैकी कुणालाच खोटं ठरवता येणार नाही. आणि हे काम अशक्य नाही. आपल्याच महाराष्ट्रात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, कार्यकर्ते गावोगाव फिरून माहिती घेतात.

एक नाजूक मुद्दाही बोलायला हवा. देशात अणुवीज बांधणारी सरकारी कंपनी अणुऊर्जा विभागाची. कॅन्सरसाठी देशात ज्यांचा शब्द शेवटचा, ते टाटा मेमोरियल सेंटरही त्याच विभागाच्या छत्राखाली. टाटामधल्या सहकाऱ्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला तिळमात्र शंका नाही, माझे कितीतरी पेशंट त्यांनी वाचवलेत. पण आपला पेपर आपणच तपासू नये, हा शाळेतला नियम आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या स्वायत्ततेवर २०१२ मध्ये कॅगनेही बोट ठेवलं होतं. आकडे तपासायला बाहेरची माणसं हवीत, आणि ते आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायला हवेत.

"डॉक्टर, तुम्ही विकासविरोधी का?"

नाही. कोळशाच्या धुराने होणारे दमा आणि हृदयविकार मी रोज बघतो. रोजच्या धुराचा हिशोब मांडला तर अणुवीज कोळशापेक्षा कितीतरी स्वच्छ ठरते, हे मी मान्य करतो. पण भूल देण्याआधी आम्ही पेशंटचा ईसीजी काढतो, रक्त तपासतो, शेजारी ऑक्सिजन तयार ठेवतो. त्याला कुणी ऑपरेशनविरोधी म्हणत नाही.

म्हणून पहिली वीट ठेवण्याआधी चार गोष्टी हव्यात:

- प्रकल्पाभोवतीच्या गावांची आरोग्य तपासणी आणि कॅन्सर नोंद, गावनिहाय आणि जाहीर
- त्या आकड्यांची अणुऊर्जा विभागाबाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी
- आयोडीनच्या गोळ्या घराघरात, आणि त्या कधी घ्यायच्या याचं प्रशिक्षण आशाताईंना
- अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येक माणसाचं नाव असलेली स्थलांतराची योजना, आणि तिची रंगीत तालीम भर पावसाळ्यात

तुमच्या ग्रामसभेत हे चार मुद्दे लेखी मांडा. प्रकल्पाच्या बाजूचे असा किंवा विरोधात, यांना नाही म्हणायला कुणाकडेच कारण नाही.

आजी पुढच्या महिन्यात गोळ्या न्यायला येतील तेव्हा मी त्यांना सांगणार आहे: "नातवंडं ठीक राहतील की नाही, हे केळ्यावर ठरणार नाही आणि फोटोंवरही नाही. गडबड झाली त्या रात्री तुमच्या दारात गाडी येते का, आणि नातवाच्या हातावर गोळी पडते का, यावर ठरेल. ते आत्ताच विचारून ठेवा."