सुट्टीत कुठलं पुस्तक न्याल? माझं मत : संगीतकाराच्या आठवणी

“डॉक्टर, बाकी सगळं ठीक आहे. पण संध्याकाळी सात वाजता मी काय करू?”

मागच्या मे महिन्यात पन्नाशीच्या एका पेशंटने मला हे विचारलं. (त्यांच्या परवानगीने लिहितोय, थोडे तपशील बदलून.) दारू सोडून त्यांना आठ महिने झाले होते आणि जुन्या मित्रांबरोबर चार दिवस कोकणात जायचं ठरलं होतं. एका मित्राला आधीच विश्वासात घ्या, गोळ्या चुकवू नका, वाटलं तर मला फोन करा, हे सगळं सांगून झालं होतं. पण रिकाम्या संध्याकाळवर माझ्याकडे गोळी नव्हती.

ते बाबूजींच्या गाण्यांचे भक्त. मी चिठ्ठीवर खाली लिहिलं : सुधीर फडके, ‘जगाच्या पाठीवर’.

त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता. व्यसनाची तलफ बहुतेक वेळा ठराविक वेळ, जागा आणि माणसं यांना जोडलेली असते. मेंदूने ती सांगड वर्षानुवर्षं घातलेली असते. त्या वेळेला हाताला आणि मनाला दुसरं काहीतरी लागतं. व्यसन नसलेल्यांचंही सुट्टीत फारसं वेगळं नसतं. आपण मोबाईल घेऊन बसतो आणि दमलेलेच परत येतो.

अशा वेळी संगीतकाराच्या आठवणींसारखं वाचन नाही, असं माझं मत आहे. गोष्ट माणसाची असते, गाणी आपल्या ओळखीची असतात. दहा पानं वाचावीत, पुस्तक मिटावं, तेच गाणं ऐकावं. मात्र औषधासारखंच पुस्तकही माणूस बघून निवडावं.

दुकानात करायची तपासणी : पुस्तक मधूनच उघडा आणि दोन पानं वाचा. नुसते सत्कार, शाली आणि पुरस्कार दिसले तर परत ठेवा. फजिती, भूक, गुरूचा ओरडा, फसलेली मैफल दिसली तर घ्या. जो कलाकार स्वतःची चूक सांगतो, त्याचंच पुस्तक रंगतं.

कुणी काय न्यावं?

*मराठी गाण्यांच्या चाहत्यांनी* ‘जगाच्या पाठीवर’. फडक्यांचं हे आत्मचरित्र अपुरं राहिलं. उमेदवारीच्या काळातली उपासमार आणि भटकंती वाचताना खाली ठेववत नाही.

*सलग वाचायला वेळ नसणाऱ्यांनी* प्रा. बी. आर. देवधरांचं ‘थोर संगीतकार’. देवधर हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य आणि कुमार गंधर्वांचे गुरू. त्यांनी जवळून पाहिलेल्या गवयांची ही व्यक्तिचित्रं सुटी-सुटी वाचता येतात.

*शास्त्रीय संगीताची भीती वाटणाऱ्यांनी* नमिता देवीदयाल यांचं ‘द म्युझिक रूम’ (२००७). मुंबईतली एक लहान मुलगी धोंडूताई कुलकर्णींकडे गाणं शिकायला जाते आणि तिच्याबरोबर आपणही जातो. धोंडूताईंच्या गुरू केसरबाई केरकर यात अशा भेटतात की लगेच त्यांची रेकॉर्ड शोधावीशी वाटते.

*घरात कुणाला व्यसन असेल तर* त्या घरच्यांनी गिटारवादक एरिक क्लॅप्टनचं आत्मचरित्र (२००७). हेरॉइन आणि दारूत गेलेली वर्षं त्याने न लपवता लिहिली आहेत. १९८७ पासून तो दारूपासून दूर आहे, आणि १९९८ मध्ये अँटिग्वा बेटावर त्याने व्यसनमुक्ती केंद्र उभारलं.

कीथ रिचर्ड्सचं ‘लाइफ’ (२०१०) मलाही आवडलं. भरपूर करमणूक आहे. पण ज्यांनी नुकतंच व्यसन सोडलंय त्यांना मी ते देणार नाही. नशेची रंगतदार वर्णनं वाचूनही तलफ जागी होऊ शकते. क्लॅप्टनचं पुस्तकही त्यांनी थोडं थांबूनच वाचावं.

दोन डॉक्टरी सूचना. घाटात गाडीत वाचू नका. डोळे सांगतात की पान स्थिर आहे, कानातला तोल सांगतो की आपण वळतोय, आणि या गोंधळात मळमळ होते. दुसरं, इयरफोनचा आवाज निम्म्याच्या आसपास ठेवा.

आणि एक गैरसमज नको. पुस्तकाने दारू सुटत नाही. त्यासाठी उपचार लागतात. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, म्हणून आधी डॉक्टरांना भेटा.

आमचे पेशंट परत आले ते असं सांगत : दुसऱ्या संध्याकाळी बाटली उघडली, तसे ते पुस्तक घेऊन ओटीवर जाऊन बसले. तासाभराने एक मित्र बाहेर आला आणि म्हणाला, “काय वाचतोस? मोठ्याने वाच.”

चार दिवसांत पुस्तक संपलं नाही. पण संध्याकाळी चारही निभावल्या.

यंदा बॅग भरताना गोळ्यांच्या डबीशेजारी एक पुस्तक ठेवा. कुठलं नेलंत, ते पुढच्या व्हिजिटला मला सांगा.