अक्षरांचे काम

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांची पत्रे येऊ लागतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : मुलास विज्ञान शाखेस घालावे की वाणिज्य शाखेस? यंदा मात्र एक निराळे पत्र आले आहे. पिथमपूरच्या कारखान्यातील नोकरीमुळे बेटमा या गावी स्थायिक झालेले एक मराठी कॅथलिक गृहस्थ लिहितात की, त्यांची कन्या केंद्रीय मंडळाच्या शाळेत अकरावीस जात असून तिने 'कमर्शियल आर्ट' हा विषय घेण्याचा हट्ट धरला आहे. नाताळची भेटकार्डे, देवळाच्या सणाचा फलक, शेजारच्या लग्नाची पत्रिका हे सारे तीच करते. परंतु घरातील आजी म्हणतात, "चित्रे काढून कोणाची चूल पेटली आहे?" विषय निवडावयास थोडेच दिवस उरले आहेत. आपण काय करावे, असे त्या गृहस्थांनी आम्हांस विचारले आहे.

हाच प्रश्न इतर घरांतूनही निघत असेल, म्हणून त्याचा विचार येथे करू.

प्रथम हा विषय काय आहे ते पाहावे. ज्यास आज ग्राफिक डिझाइन म्हणतात, त्यास आपल्याकडे जाहिरातकला किंवा उपयोजित कला म्हणत आले आहेत. अक्षरे, चित्र, रंग आणि मोकळी जागा यांची अशी मांडणी करावयाची की, सांगावयाचे ते पाहणाऱ्यास चटकन व अचूक कळावे. औषधाच्या वेष्टनाचे उदाहरण घ्या. दृष्टी अधू झालेल्या म्हातारीस सकाळची गोळी कोणती व रात्रीची कोणती हे ओळखता आले, तर ती मांडणी चांगली. ते ओळखता आले नाही, तर रंग कितीही मोहक असोत, मांडणी फसली.

महाराष्ट्रातील आमच्या वाचकांस एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा ठाऊक आहेत. त्यांतील संकल्पचित्र व अक्षरलेखन ही या विद्येची पहिली पायरी होय. केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीत या विषयास १०० गुण असून त्यांपैकी ७० प्रत्यक्ष कामास व ३० लेखी परीक्षेस आहेत. बोधचित्र व भित्तिपत्रक काढावे लागते आणि वर्षभराच्या कामाचा संग्रह दाखवावा लागतो. लेखी भागात सिंधू संस्कृती व अजिंठ्यापासून राजस्थानी आणि मोगल लघुचित्रांपर्यंत, व पुढे बंगालच्या चित्रशैलीपर्यंत भारतीय कलेचा इतिहास येतो. तेव्हा हा फावल्या वेळचा खेळ नव्हे. जो रोज हाताने रेखाटन करणार नाही, त्याला येथे गुण मिळणार नाहीत.

अक्षरांचे हे काम आपल्या धर्मजीवनाशी किती निगडित आहे, हे 'ख्रिस्तपुराणा'च्या इतिहासावरून कळते. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे हे सुमारे ११,००० ओव्यांचे मराठी काव्य १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले, ते रोमन लिपीत! गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता, परंतु देवनागरीचे खिळे कोणी पाडले नव्हते. या देशाच्या भाषेत व याच देशाच्या अक्षरांत पुस्तके छापावीत, अशी आपली फार दिवसांची इच्छा असल्याचे फादर स्टीफन्स यांनी १६०८ साली आपल्या संघाच्या रोममधील वरिष्ठांस कळविले होते. मुख्य अडचणही त्यांनी लिहिली होती. युरोपात चोवीस अक्षरांच्या साच्यांवर भागते, येथे मात्र ते सहाशेच्या घरात जातात. १६१९ साली ते प्रभुघरी गेले, तोवर त्यांची इच्छा पुरी झाली नव्हती. पुढे १९५६ साली पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी हे पुराण देवनागरीत प्रसिद्ध केले. मधे ३४० वर्षे गेली. भक्ती होती, विद्वत्ता होती, यंत्रही होते. अक्षराला छापण्याजोगे रूप देणारा कारागीर तेवढा नव्हता.

तेच काम आमच्या काळात कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी केले. संगणकावर असंख्य लोक ज्या 'मंगल' टंकात मराठी वाचतात, तो त्यांनी घडविलेला आहे. देवनागरीस वर वेलांटी व मात्रा, खाली उकार, म्हणून तिच्या दोन ओळींत इंग्रजीपेक्षा अधिक अंतर लागते. अशा बारीक गोष्टी जाणणारी माणसे आपल्या भाषेस सदैव हवी आहेत.

आता आजींच्या चुलीविषयी. त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. बेटम्याजवळच्या इंदुरात दत्तात्रेय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली कलाशाळा काढली. ना. श्री. बेंद्रे, विष्णू चिंचाळकर, मकबूल फिदा हुसेन हे तिचेच विद्यार्थी. यांपैकी हुसेन यांनी मुंबईस आल्यावर सिनेमाचे भव्य फलक रंगवून पोट भरले. म्हणजे चूल पेटते, पण कष्टाने. बारावीनंतर मुंबईची सर ज. जी. उपयोजित कला संस्था आहे, अहमदाबादेस १९६१ साली निघालेली राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे, व मध्य प्रदेशासाठी अशीच संस्था भोपाळला २०१९ पासून चालू झाली आहे. अभ्यासक्रम चार वर्षांचे असतात आणि प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. अहमदाबाद व भोपाळ येथील संस्थांस बारावीची कोणतीही शाखा चालते. तीन महिन्यांत कलावंत करून देण्याची हमी देणाऱ्या दुकानांपासून मात्र सावध राहावे. संगणकावर हात बसणे निराळे आणि नजर तयार होणे निराळे.

शिवाय आता शब्दांत सांगितले की चित्र काढून देणारी यंत्रे आली आहेत. हलके, साचेबंद काम ती घेऊन जातील, हे पालकांपासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून आमचा सल्ला असा की, या विषयाच्या जोडीस गणित वा अर्थशास्त्र यांसारखा एक पक्का विषय असावा आणि मराठी, हिंदी, इंग्रजी या भाषा नीट याव्यात. काय सांगावयाचे व कोणास सांगावयाचे हे ज्याला कळते, त्याला काम मिळण्याची आशा अधिक.

एक गोष्ट मात्र परीक्षेच्या पुस्तकात सापडणार नाही; ती घरीच शिकवावी लागेल. खोट्या साक्षीविषयीची आठवी आज्ञा केवळ जिभेपुरती नाही. कर्जाचा मोठा आकडा ठळक छापून व्याजाची अट मुंगीएवढ्या अक्षरांत दडविणे, निकस खाऊच्या पुडक्यावर रसाळ फळे रंगविणे, स्त्रीच्या देहाचे आमिष दाखवून माल खपविणे ही हाताने दिलेली खोटी साक्ष होय. या धंद्यात अशी कामे पुढे येतातच. नकार देण्याचे बळ सोळाव्या-सतराव्या वर्षीच मुरावे लागते, आणि ते आईबापांचा प्रामाणिक व्यवहार पाहूनच मुरते.

तेव्हा पालकांनो, पाल्याची वही उघडून पाहा. एकच चित्र सुधारून पाच वेळा काढले आहे काय? शिक्षकांनी दाखविलेली चूक पुढच्या पानावर दुरुस्त झाली आहे काय? तसे असेल, तर हा हट्ट नाही, कल आहे. त्यास वाट द्या. केवळ गणित टाळण्यासाठी हा विषय मागितला असेल, तर प्रेमाने पण ठामपणे थांबवा. आणि मुलगी आहे म्हणून पुढे शहरी पाठवावे की नाही, हा विचार आधी आणू नका. भोपाळ-इंदुरास नर्सिंग शिकावयास मुली जातातच.

निर्गमाच्या पुस्तकात परमेश्वराने निवासमंडपाच्या कामासाठी बसालेलास नाव घेऊन बोलाविले आणि सोने, रुपे, पाषाण व लाकूड यांवर नक्षी योजण्याचे कौशल्य त्यास आपल्या आत्म्याने दिले. ते देणे आपल्या लेकरांपैकी ज्याला लाभले असेल, त्याने ते सत्याच्या व शेजाऱ्याच्या सेवेस लावावे आणि आपण वडीलधाऱ्यांनी त्याच्या वाटेत उभे राहू नये, अशी आम्ही प्रभूचरणी प्रार्थना करतो.