बाळाला न पचणारी साखर

आईच्या एक लिटर दुधात साधारण ५ ते १५ ग्रॅम शर्करा अशी असते, की जी बाळाला पचवताच येत नाही. लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्यानंतर दुधातल्या घनपदार्थांत याच शर्करांचा क्रमांक लागतो. त्यांचे प्रकार दोनशेच्या आसपास आणि पहिल्या दिवसांच्या चिकात त्यांचे प्रमाण आणखी जास्त. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचे शरीर स्वतःची झीज सोसून हा ऐवज तयार करते तो बाळाच्या आतड्यातील जिवाणूंसाठी. नवजात बाळांचे मृत्यू रोखू पाहणाऱ्या प्रत्येक सरकारने हे सत्य आपल्या धोरणाच्या मुळाशी ठेवायला हवे.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हेन्री तिसिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये दोन फाटे फुटलेला एक जिवाणू पाहिला. तो बिफिडोबॅक्टेरियम. त्याचे आणि दुधाचे नाते नेमके काय, हे उलगडायला शंभर वर्षे लागली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २००८ साली त्याच्या ‘इन्फँटिस’ या उपप्रकाराचा जनुकीय आराखडा मांडला आणि चित्र स्पष्ट झाले. आईच्या दुधातल्या या गुंतागुंतीच्या शर्करा पकडून आत ओढायच्या आणि पेशीच्या आत त्या तोडायच्या, यासाठी लागणारी जनुके त्याच्यात एकत्र रांगेने मांडलेली आहेत. इतर काही जिवाणू या शर्करा बाहेर तोडतात, त्यामुळे उरलेसुरले तुकडे शेजाऱ्यांनाही मिळतात. इन्फँटिस मात्र सगळे आत घेतो, रोगजंतूंसाठी काही मागे ठेवत नाही. शिवाय तो आम्ले तयार करतो, आतड्यातली आम्लता वाढते आणि अतिसार किंवा जंतुसंसर्ग घडवणाऱ्या जंतूंना तिथे वाढणे अवघड जाते.

हा सोबती आता श्रीमंत देशांतून नाहीसा होत चालला आहे. १९२६ ते २०१७ या काळातील प्रसिद्ध नोंदी तपासल्या तेव्हा अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीचा सामू ५ वरून ६.५ पर्यंत चढलेला दिसला, म्हणजे आम्लता घटली. बांगलादेश किंवा गांबियातील बाळांमध्ये सहज आढळणारा इन्फँटिस अमेरिकी बाळांमध्ये क्वचितच सापडतो. शस्त्रक्रियेने होणारी बाळंतपणे, प्रतिजैविके आणि पिढ्यानपिढ्यांचे वरचे दूध ही त्याची संभाव्य कारणे सांगितली जातात. आपल्याकडेही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाल्याचे दिसले. त्या वाटेवर आपण किती पुढे गेलो आहोत, हे यावरून कळावे.

गेलेला जिवाणू परत आणता येतो, हेही डेव्हिसच्याच चाचणीने दाखवले. अंगावर पिणाऱ्या बाळांना २१ दिवस इन्फँटिस दिला. देणे थांबवल्यावरही तो आतड्यात टिकून राहिला, कारण त्याचे अन्न रोज आईकडून येत होते. संपूर्ण विषयाचे मर्म इथे आहे. बीज कितीही उत्तम असले तरी पाणी तोडल्यावर ते उगवणार नाही. दुधाविना जिवाणूंची भुकटी म्हणजे चार दिवसांचा पाहुणा.

भारतापुरते बोलायचे तर ओडिशाचा दाखला सर्वांत मोलाचा. डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी तिथल्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवर चाचणी केली. सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटेरमचा एक वाण आणि त्याला पोसणारी शर्करा दिली. जिवाणू निराळा आणि शर्कराही दुधातली नव्हे, पण बाळे आईच्या दुधावरचीच होती. पहिल्या साठ दिवसांत जंतुदोष किंवा मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०१७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. इतक्या स्वस्त उपायाने इतका फरक पडत असेल, तर गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटसारख्या भागांत सरकारी खर्चाने काटेकोर चाचण्या व्हायला हव्यात. त्या होत नाहीत तोवर औषध दुकानातली कोणतीही पुडी ओडिशाच्या नावावर विकली जाऊ नये. एका वाणाचा गुण दुसऱ्याला लागू होत नाही. आणि इथे चुकीला माफी नाही: २०२३ साली अमेरिकेत मुदतीपूर्वी जन्मलेले, एक किलोहून कमी वजनाचे एक बाळ असाच जिवाणू दिल्यानंतर त्याच्याच संसर्गाने दगावले. तिथल्या औषध प्रशासनाला रुग्णालयांना इशारा द्यावा लागला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाने प्रोबायोटिक खाद्यांसाठी २०११ साली मार्गदर्शक तत्त्वे केली. पण नवजातांना द्यायच्या जिवाणूंना खाद्यपदार्थाचे निकष पुरत नाहीत, औषधाचे लावायला हवेत.

मात्र आज, या क्षणी, कोणत्याही परवान्याची वाट न पाहता करता येण्यासारखे बरेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत झाली, तरी जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेली बाळे ४१.८ टक्केच. बाळ आणि आई डॉक्टर-परिचारिकांच्या नजरेसमोर असतानाच चीक वाया जातो, याचे खापर घरच्या म्हातारीच्या मध चाटवण्यावर फोडता येणार नाही. प्रसूतीकक्षात पुरेशा परिचारिका नाहीत, सिझेरियननंतर बाळाला आईजवळ द्यायला कोणी थांबत नाही, हे खरे दुखणे आहे. पहिल्या सहा महिन्यांत निव्वळ आईचे दूध मिळणारी बाळे त्या सर्वेक्षणात ६३.७ टक्के होती. उरलेल्यांच्या आयांना दोष देण्याआधी त्यांचे दिवस बघावेत. संघटित क्षेत्रातल्या बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. फडावर ऊस तोडणारी बाई मात्र बाळाला कोपीत ठेवून मोळ्या वाहते, कारण तिची मजुरी बुडली तर उचल फिटत नाही. तिच्या बाळालाही त्याच शर्करा, तेच जिवाणू लागतात.

मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी उभी केली. दुग्धपेढीत दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवले जाते. त्यात जिवाणू मरतात, पण या शर्करा शाबूत राहतात. म्हणजे आई आजारी असलेल्या किंवा आईला दूध न आलेल्या बाळापर्यंतही हा आहार पोहोचवता येतो. राज्याच्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात चालती दुग्धपेढी हवी. एसटी स्थानकांवरचे स्तनपानासाठीचे हिरकणी कक्ष उघडे आणि स्वच्छ हवेत. साखर कारखान्यांनी हंगामात फडाजवळ पाळणाघर चालवावे आणि बाळंतिणीला मजुरी न बुडवता बाळाकडे जाण्याची सवड द्यावी. येत्या गळीत हंगामाच्या परवान्यातच ही अट सरकारने घालावी.