छतावरच्या रेलवर किलोचा आकडा छापा, नाहीतर ती शोभेची आहे असं सरळ सांगा

कोराडी, महादुला, सावनेर, नागपूरच्या सगळ्या गाडीवाल्यांनो, पोस्ट लांब आहे. पण यात्रेचा आणि सुट्यांचा हंगाम आला की आपल्या रस्त्यावरून जे डोक्यावर बांधून जाते, त्याबद्दल कोणीतरी स्पष्ट बोलायला पाहिजे. म्हणून लिहितोय.

नवी एसयूव्ही घेतली. छतावर कंपनीच्याच दोन चकचकीत रेल आहेत. आता कॅरिअर कोणतं लावायचं? अॅक्सेसरीच्या कोणत्याही दुकानात विचारून पाहा, उत्तर ठरलेलं असते. "भाऊ, कंपनीची रेल हाय ना, मंग काहून टेन्शन घेता? दोन माणसं बसले तरी काही नाही होत." बरं, किती किलो चालते? इथे दुकानदार शोरूमकडे बोट दाखवतो, शोरूमवाला म्हणतो "सर, मॅन्युअल पाहून घ्या", आणि मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत पडलेलं असते. गाडीवर मात्र तो आकडा दिसेल असा कुठेच नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या रेलचा किलोचा आकडा तुम्हाला माहीत नाही, ती रेल सामानासाठी नाहीच असं धरून चाला. आणि तो आकडा गाडीवर छापण्याची जबाबदारी कंपनीवर टाका. हवेचा दाब किती ठेवायचा याचं स्टिकर ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर लागते ना? मग त्याच्याच खाली एक ओळ वाढवायला कंपनीला किती खर्च येतो?

हे कोराडीतून का बोलायचं, ते सांगतो. नागपूरहून सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया करत पचमढीला जाणारी वाट आपल्या दारावरून जाते. महाशिवरात्रीला चौरागडच्या महादेवाला आणि नागपंचमीच्या सुमाराला नागद्वारला विदर्भातून किती माणूस जाते, हे कोणाला सांगायची गरज नाही. चौरागडाला त्रिशूल वाहायची आपली जुनी रीत. गाडीत बायका-पोरं आणि भांडी-शिधा, छतावर गाद्या, ताडपत्री, सिलिंडर आणि वरून त्रिशूल. पुढे सिल्लेवानीचा घाट, त्याच्या पुढे तामियाची वळणं. आणि इकडे आपल्याच रस्त्यावर कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांत पाळीला जाणारा माणूस दुचाकीवर याच गाड्यांच्या मागे असतो. वरची गाठ सुटली तर गादी, पेटी, त्रिशूल जे काही असेल ते त्याच्या अंगावर येते. श्रद्धेला माझा हात जोडून नमस्कार आहे. सुतळीवरच्या श्रद्धेला नाही.

आता रेलचं बोलू. कंपनीच्या रेल सगळ्या सारख्या नसतात. एक प्रकार उंच रेलचा. रेल आणि छत यांच्यात फट असते, तिथून हात आरपार जातो, तिला क्लॅम्प पकडता येतो. दुसरा प्रकार छताला चिकटून जाणाऱ्या रेलचा. तिला फट नसते, तिच्यासाठी त्या मॉडेलचाच खास क्लॅम्प लागतो. आणि तिसरा प्रकार फक्त दिसायला असतो. प्लास्टिकचं कवच, आत भार घेणारं काही नाही. खालून पाहिलं तर तिन्ही "रेल"च. वरच्या व्हेरिएंटमध्ये रेल मिळते म्हणून जास्त पैसे मोजणाऱ्याला ती तिसऱ्या प्रकारातली आहे, हे बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. हात लावून किंवा ओढून पाहिल्यानेही ते कळत नाही. मॅन्युअलच सांगते.

काही कंपन्या आकडा सांगतात. रेनॉने ट्रायबरच्या रेलची क्षमता ५० किलो अशी लिहिली आहे. म्हणजे लिहिता येते. मग बाकीच्यांनी मोठ्या अक्षरात लिहायला काय हरकत आहे?

आणि ५० किलो म्हणजे खरंच किती, हेही पाहा. त्या आकड्यात कॅरिअरचं स्वतःचं वजन धरलेलं असते. समजा, वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलचं कॅरिअर बनवून घेतलं आणि ते भरलं २० किलो. उरले ३०. पंधरा-पंधरा किलोच्या दोन बॅगा ठेवल्या की हिशोब संपला. तिसरी बॅग, ताडपत्री आणि सिलिंडर हे सगळं उधारीवर. त्यात तीन आकडे वेगवेगळे असतात: रेलचा, आडव्या दांड्यांचा आणि कॅरिअरचा. कॅरिअरच्या खोक्यावर १०० किलो छापलेलं असलं तरी रेल ५० ची असेल तर तुमची मर्यादा ५० च. साखळीतली सर्वांत कमजोर कडी मोजायची, हे आपल्याला बैलगाडीच्या काळापासून कळते. एसयूव्ही आली की विसरतो.

हा आकडा धावत्या गाडीसाठी असतो, हेही लक्षात घ्या. उभ्या गाडीचं छत जास्त भार सोसते, म्हणून दुकानदार वर चढून दाखवतो आणि आपण प्रभावित होतो. पण उभी गाडी ब्रेक मारत नाही, वळण घेत नाही, खड्ड्यात आदळत नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४० वरून ८० वर गेलात की छतावरच्या सामानाला तो दुप्पट नाही, चौपट ढकलतो. शिवाय वजन जितकं उंच, तितकी गाडी वळणावर बाहेर झुकते. ज्याने घाटात चालवली त्याला हे सांगावं लागत नाही.

यावर एक उत्तर नेहमी येते. "आमच्या वडिलांनी अॅम्बेसेडरवर अख्खं लग्नघर बांधून नेलं, काही झालं नाही." खरं आहे. पण त्या गाडीला छताच्या कडेने पन्हाळ होती. जुन्या बोलेरोलाही आहे. कॅरिअरचे पाय त्या पन्हाळीवर सगळीकडे वजन वाटून उभे राहत. आजच्या गाड्यांना ती पन्हाळ नाही, सगळा भार रेलच्या मोजक्या बोल्टांवर येतो. आणि वडिलांच्या काळात त्या रस्त्यावर ताशी १०० कोण धावत होतं?

दुसरं उत्तर त्याहून वाईट. "रेलचा भरवसा नाही ना, मग छतालाच भोक पाडून नटबोल्ट मारून देतो." कृपा करून हे करू नका. पावसाचं पाणी त्या भोकातून उतरते, पत्रा आतून गंजतो. आणि ज्या गाड्यांना बाजूने पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग आहेत, त्यांच्या त्या एअरबॅग छताच्या कडेतच घडी करून ठेवलेल्या असतात. ड्रिल नेमका तिथे जातो.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगते की नोंदणीत असलेला तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. सामान गाडीच्या बाजूने, पुढे-मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेलं तर कलम १९४ मध्ये २०,००० रुपये. एवढं सगळं आहे, पण कलम ५२ मध्ये कॅरिअर हा शब्दच नाही. कंपनीच्या रेलला क्लॅम्पने लावलेलं, संध्याकाळी काढून ठेवता येणारं कॅरिअर हा "बदल" आहे की नाही, हे तुम्ही कोणत्या चौकात कोणाच्या समोर उभे आहात त्यावर ठरते. असा कायदा शिस्त लावत नाही. तो फक्त घासाघीस शिकवतो.

बंपरच्या लोखंडी गार्डचं आठवते? वर्षानुवर्षं उघड विकले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितलं. पैसे देऊन लावले लोकांनी, काढलेही लोकांनीच. कॅरिअरचं तसं व्हायचं नसेल तर आताच बोला.

म्हणून मागण्या तीन, आणि तिन्ही साध्या.

१) रेल असलेल्या प्रत्येक गाडीवर, टायरच्या स्टिकरजवळ, छताची धावती भारक्षमता मराठीत आणि किलोत छापा. रेल शोभेची असेल तर "सामान बांधू नये" असं लिहा.
२) परिवहन विभागाने एका पानाचं स्पष्टीकरण काढावं: आकड्याच्या आत, क्लॅम्पने लावलेलं, छताला भोक न पाडलेलं कॅरिअर चालेल. भोक पाडलेलं, वेल्डिंग केलेलं चालणार नाही.
३) यात्रेच्या दिवसांत सावनेर रस्त्यावर तपासणी करताना आधी सामान नीट बांधायला लावा, मग पावती फाडा.

तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते करा. मॅन्युअल उघडा, आकडा शोधा. नाही सापडला तर सर्व्हिस सेंटरकडून लेखी मागा. आकडा आहे? मग लोखंडी पिंजऱ्याऐवजी अॅल्युमिनियमच्या दोन आडव्या दांड्या घ्या, तुमच्याच रेलच्या प्रकाराच्या, रबर लावलेल्या. सनरूफ असेल तर तो उघडताना दांडीला अडत नाही ना, हे दुकानातच पाहा. जड सामान आत डिक्कीत, हलकं वर. सुतळी नको, कसायचे पट्टे घ्या. सावनेरला चहाला थांबता ना? तिथे एकदा पट्टे ओढून पाहा, सुरुवातीच्या धक्क्यांनी ते सैल झालेले असतात. परत आलात की दांड्या काढून ठेवा. रिकामं कॅरिअरही वारा अडवते आणि पेट्रोल-डिझेल तुमचंच जाळते.

आणि त्रिशूल न्यायचा असेल तर गाडीच्या लांबीच्या आत, टोकं झाकून, आडवा न्या. मोठा असेल तर मंडळाने छोटा टेम्पो करा. वर्गणी निघते.

ज्यांच्या मॅन्युअलमध्ये आकडा सापडेल त्यांनी गाडीचं मॉडेल आणि आकडा खाली लिहा. ज्यांना सापडणार नाही त्यांनी तेही लिहा. ती यादी घेऊन आरटीओत जाऊ. पोस्ट पुढे पाठवा, माझं नाव नाही टाकलं तरी चालते.