डेस्कटॉप कोणता चांगला? फोनवरून सांगता येईल तो!

लिनक्स वापरणाऱ्या मंडळींमध्ये एक वाद गेली पंचवीसेक वर्षं चालू आहे. ग्नोम चांगलं की केडीई? मिसळ पुण्याची की कोल्हापूरची, तसाच हा वाद. दोन्ही बाजू पोटभर बोलून उठतात, निकाल काही लागत नाही.

आता या वादात माझ्यासारख्या म्हाताऱ्या मास्तराने नाक खुपसायचं कारण काय? कारण असं की १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, त्यामानाने नवा प्रोसेसर लागतो. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते बसत नाही. म्हणजे चांगलं चालतं यंत्र कपाटात ठेवायचं, नाहीतर भंगारवाल्याला द्यायचं. नात्यातल्या आणि ओळखीतल्या चार-पाच जणांनी मला विचारलं, "लिनक्स टाकावं का? आणि टाकलं तर कुठलं?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथेच लिहितो.

(गंमत बघा, केडीईची पहिली घोषणा झाली ती तारीखही १४ ऑक्टोबरच. साल मात्र १९९६.)

आधी शब्द समजून घेऊ. लिनक्स हा मूळ गाभा, १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेला. तो आपल्याला दिसत नाही. दिसतो तो डेस्कटॉप : खालची किंवा वरची पट्टी, मेनू, खिडक्या, आयकॉन, फाइली ठेवायची जागा. शाळेची इमारत तीच, पण वर्गात बाकं कशी मांडली, फळा कुठल्या भिंतीवर आहे, खडू कुठे ठेवलेत, ही झाली वर्गाची मांडणी. विंडोजमध्ये इमारत आणि मांडणी एकत्रच येतात, जशी असेल तशी घ्यायची. लिनक्समध्ये मांडणी आपण निवडायची. नव्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. निवड करायची सवयच नसते ना!

आता मुख्य मांडण्या कोणत्या ते थोडक्यात.

केडीई जर्मनीतल्या मथियास एट्रिख नावाच्या विद्यार्थ्याने सुरू केलं. त्याच्या आजच्या डेस्कटॉपला प्लाझ्मा म्हणतात. केडीई ज्या 'क्यूटी' साधनांवर बांधलं होतं, त्यांचा परवाना त्या काळी पूर्ण मुक्त नव्हता. ते तत्त्वाला न पटल्यामुळे मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी १९९७ मध्ये ग्नोम सुरू केलं. पुढे क्यूटीचा परवाना बदलला, भांडणाचं मूळ कारण संपलं, पण दोन घरं झाली ती झालीच. आपल्याकडच्या भाऊबंदकीसारखंच म्हणायचं!

एक्सएफसीई हे या दोघांच्याच वयाचं, ऑलिव्हिए फुर्दां याने सुरू केलेलं. त्याचं चिन्ह आहे उंदीर. गणपतीचं वाहनच म्हणा, अंगाने लहान पण वाहून नेतं पुष्कळ. आणि चौथं सिनॅमन, म्हणजे दालचिनी. ते लिनक्स मिंटवाल्यांनी तयार केलं. ते का केलं हे पुढे सांगतो, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा तिथेच आहे.

तुलना करणारे लोक काय तपासतात? मेमरी किती खातं, दिसायला कसं आहे, किती गोष्टी बदलता येतात. हे सगळं तरुण माणसाच्या कामाचं. माझी कसोटी वेगळी आहे. आयुष्यभर शिकवलं, म्हणून असेल. मी विचारतो : नागपूरच्या वहिनींना पुण्यातून, नुसत्या फोनवर, मराठीत हे सांगता येईल का?

वहिनी ७८ वर्षांच्या. त्या विचारतात, "भाऊजी, ते पत्र लिहायचं कुठे गेलं?" मी म्हणतो, "वहिनी, खाली डाव्या कोपऱ्यात बघा, गोल चिन्ह आहे. त्यावर एकदा दाबा. यादी आली? त्यात 'ऑफिस' बघा." झालं. हे सिनॅमनमध्ये जमतं, मिंटमधल्या एक्सएफसीईतही जमतं, प्लाझ्मातही जमतं. कारण जे करायचं त्याची खूण पडद्यावर दिसत असते, आणि दिसणारी गोष्ट बोटाने दाखवल्यासारखी शब्दाने दाखवता येते.

ग्नोमची रीत निराळी. मूळ स्वरूपात तिथे कामाच्या पडद्यावर आयकॉन नसतात. खिडकीला बंद करायचं बटण असतं, पण खाली ठेवायचं किंवा मोठं करायचं बटण दिसत नाही. प्रोग्रॅम उघडायचा तर विंडोजचं चिन्ह असलेली कळ दाबायची आणि नाव टाइप करायचं. ज्याला सवय आहे त्याला हे झरझर होतं, मान्य. पण आपलं मराठी माणसाचं काय होतं? आपण आत्ताच पत्र लिहीत होतो, कळफलक मराठीवर आहे. संगणकाची भाषा इंग्रजी ठेवलेली. आता 'फायरफॉक्स'चं स्पेलिंग टाइप करायला गेलो की देवनागरीत काहीतरी अगम्य उमटतं आणि शोध म्हणतो, काही सापडलं नाही. आधी भाषा बदला, मग टाइप करा, मग परत भाषा बदला. यादीतून बोट ठेवून निवडणाऱ्याला हा त्रास नाही. रोमन लिपीत जगणाऱ्यांना ही अडचण सहज लक्षात येणार नाही, म्हणून आपण ती सांगितली पाहिजे.

मराठी लिहिण्याबाबत मात्र चौघांत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. जोडाक्षरं नीट जुळवण्याचं काम हार्फबझ नावाचं साधन करतं, आणि ग्नोमकडची मंडळी काय किंवा केडीईकडची काय, दोघंही तेच वापरतात. त्यामुळे 'वाऱ्यावर'मधला अर्धा र इथे नीट आणि तिथे मोडका, असं होत नाही. इनस्क्रिप्ट कळफलक सगळीकडे मिळतो, फक्त तो सुरू करायची जागा वेगळी. मेनू मराठीत करण्याची सोयही आहे. मात्र अनुवाद अर्धवट असला की मधूनच इंग्रजी डोकावतं, आणि अर्धं मराठी-अर्धं इंग्रजी नव्या माणसाला जास्त गोंधळात टाकतं. माझं मत, मेनू इंग्रजीत ठेवावा, लिहावं मराठीत.

आता दुसरी कसोटी, आणि माझ्या लेखी सर्वांत मोठी. आज शिकलेलं उद्या उपयोगी पडेल का?

२०११ च्या एप्रिलमध्ये ग्नोम ३ आलं आणि जुन्या ग्नोम २ ची ओळखीची मांडणी, वरची पट्टी, खालची पट्टी, मेनू, सगळं गेलं. जगभर आरडाओरडा झाला. खुद्द टोरवाल्ड्सने जाहीर नाराजी व्यक्त करून एक्सएफसीई धरलं (पुढे तो ग्नोमवर परतला, तो भाग वेगळा). पुढे २०२१ च्या ग्नोम ४० मध्ये डावीकडची चिन्हांची पट्टी खाली आली. २०२३ च्या ग्नोम ४५ मध्ये वरच्या कोपऱ्यातला 'अ‍ॅक्टिव्हिटीज' हा शब्द जाऊन त्या जागी ठिपके आले. तरुण माणूस म्हणेल, त्यात काय एवढं? पण शब्द वाचून सांगता येतो. "ठिपके आहेत तिथे दाबा" म्हटलं की पलीकडून प्रश्न येतो, "कुठले ठिपके?"

केडीईही यातून सुटलेलं नाही. २००८ मध्ये केडीई ४ आलं तेव्हा तिथेही अशीच उलथापालथ झाली होती. २०२४ च्या प्लाझ्मा ६ मध्ये फाइल एका क्लिकने उघडायची ती मूळ मांडणीत दोन क्लिकने उघडायला लागली. बदल एका परीने चांगलाच, विंडोजवरून येणाऱ्याच्या सवयीला धरून. आणि सेटिंगमध्ये जाऊन पूर्ववत करता येतो. पण केडीईचं तेच तर आहे, सगळं काही सेटिंगमध्ये मिळतं! ज्याला हौस आहे त्याच्यासाठी तो मोठा आनंदाचा ठेवा. ज्याला फक्त पत्र लिहायचं आहे, तो त्या सेटिंगच्या जंगलात शिरला की पट्टीच हरवून बसतो.

उलट एक्सएफसीई पहा. ४.१२ ही आवृत्ती २०१५ ची, त्यानंतरची ४.१४ थेट २०१९ ची! मग २०२०, २०२२, २०२४. गोगलगाय म्हणून लोक हसतात. मी म्हणतो, हसू द्या. पाच वर्षांपूर्वी वहीत लिहून ठेवलेल्या सूचना आजही बहुतेक लागू पडतात, ही काही लहान गोष्ट नाही.

यावर काही मित्र म्हणतात, "सर, नवीन शिकत राहावं, मेंदू तल्लख राहतो." अहो, शिकायला कोण नाही म्हणतंय! उतारवयात उर्दू लिपी शिकणारी, पेटी शिकणारी माणसं मी पाहिली आहेत. पण काय शिकायचं ते त्यांनी निवडलेलं असतं. काल इथे असलेलं बटण आज कुठे गेलं हे शोधणं म्हणजे शिक्षण नव्हे, ती हरवलेला चष्मा शोधण्यासारखी दगदग आहे. शिवाय तिचा परिणाम वाईट होतो. एकदा सापडलं नाही तर माणूस मुलाला विचारतो. दुसऱ्यांदा विचारताना संकोचतो. तिसऱ्यांदा म्हणतो, "जाऊ दे, आपल्याला नाही जमत." आणि संगणक बंद होतो तो कायमचा. मग बँकेचं काम दुसऱ्याच्या हाती, पत्रव्यवहार दुसऱ्याच्या हाती. म्हणून हा नुसता दिसण्या-असण्याचा प्रश्न नाही, आपलं काम आपण करण्याचा आहे.

आणि इथेच मुक्त सॉफ्टवेअरचं मोल कळतं. ग्नोम ३ आवडलं नाही तेव्हा लोक नुसते कुरकुरत बसले नाहीत. अर्जेंटिनातल्या एका वापरणाऱ्याने २०११ मध्येच ग्नोम २ चा कोड घेऊन ते पुढे चालू ठेवलं. त्याला नाव दिलं माते, तिकडच्या आवडत्या पेयावरून. मिंटवाल्यांनी दुसरी वाट धरली. ग्नोम ३ चंच नवं तंत्र घेऊन त्यावर जुन्या वळणाची मांडणी बसवली, तेच सिनॅमन. परवानाच असा की कोणाची परवानगी मागायला नको. स्वातंत्र्य म्हटलं की आपल्याला पुढे जाण्याचं स्वातंत्र्य आठवतं. आहे तिथे सुखाने राहण्याचं स्वातंत्र्य हेही स्वातंत्र्यच आहे, आणि वय झाल्यावर त्याची किंमत जास्त कळते.

पण हेही लक्षात ठेवावं की जुनं टिकवणं आपोआप होत नाही. माते थोड्या स्वयंसेवकांच्या खांद्यावर चालतं, १.२६ नंतर १.२८ यायला २०२१ ते २०२४ इतका काळ गेला. ज्यांना जमेल त्यांनी अशा प्रकल्पांना चार पैसे जरूर पाठवावेत. फुकट मिळतं म्हणून फुकट तयार होत नाही.

ग्नोमवर अन्याय नको, म्हणून सांगतो. दृष्टी अधू असलेल्यांसाठी पडदा वाचून दाखवणारा 'ओर्का' त्याच घरात वाढला, आणि या बाबतीत ग्नोमने इतरांच्या आधी मनावर घेतलं. ज्याने विंडोज कधी पाहिलंच नाही अशा नातवंडाला तर ग्नोम सहज जमेल, कारण त्याच्याकडे मोडायला जुनी सवयच नाही.

तर माझा निकाल असा. विंडोजवरून येणाऱ्या साठीच्या पुढच्या माणसाने लिनक्स मिंट घ्यावं, सिनॅमनसह. मिंट २२ ला २०२९ पर्यंत आधार आहे, तोवर निश्चिंत. लॅपटॉपची मेमरी ४ जीबी किंवा कमी असेल तर त्याच मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. हौशी माणसाने केडीई. आणि काहीही टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहावं, त्याने आतलं काही पुसलं जात नाही.

शेवटी आमच्या घरातल्या भाचे-पुतण्यांसाठी दोन शब्द. बाळांनो, काका-मावशीला लिनक्स टाकून द्याल तेव्हा अक्षरं मोठी करा, रोज लागणारी चार चिन्हं खालच्या पट्टीवर बसवा, मराठी कळफलक सुरू करून द्या आणि हे सगळं एका वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मग हात जोडून विनंती, पुढच्या दिवाळीत आलात की तो 'छान' करायला जाऊ नका. तुमच्या डोळ्यांना तो जुनाट दिसेल. दिसू दे. तो त्यांना पाठ झालेला असतो.

मतभेद असतील तर जरूर लिहा. केडीईवाल्यांनी थोडं आटोपशीर लिहावं, एवढीच विनंती. त्यांच्याकडे सांगण्यासारख्या सेटिंग फार असतात!