विश्लेषण : इस्लामपूरच्या मुलांच्या हाती .22 रायफल येणार कधी?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 1 ऑगस्ट 2024 रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात 451.4 गुणांसह कांस्यपदक जिंकले. या प्रकारातील भारताचे हे पहिलेच ऑलिम्पिक पदक. कांबळवाडी इस्लामपूरला फार लांब नाही. पण आपल्याकडे एअर रायफलवर सराव करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला स्वप्निलच्या प्रकारात उतरायचे असेल, तर 10 मीटरवरून 50 मीटरवर जावे लागते. तिथे बंदूकच बदलते आणि तिच्याबरोबर कायदा, खर्च, मैदान असे सगळेच बदलते.

ही रायफल वेगळी कशी?

एअर रायफलमध्ये हवेच्या दाबाने 4.5 मिमीचा छर्रा सुटतो. .22 रायफलमध्ये खरे काडतूस असते. त्याच्या पितळी पुंगळीच्या बुडाला जी कडा असते, तिच्या आतल्या पोकळीत स्फोटक मिश्रण भरलेले असते. पिन मध्यभागी न बसता या कडेवर बसते, म्हणून हिला रिमफायर म्हणतात. कडा एकदा चेपली की पुंगळी पुन्हा भरता येत नाही. बोल्टचे काम तर दाराच्या कडीसारखेच. दांडी वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली बसवायची. प्रत्येक गोळीला हे हातानेच करायचे.

अशी एक नवीकोरी मॅच रायफल नुकतीच एका रेंजवर हाताळायला मिळाली, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली काही गोळ्याही मारता आल्या. पहिले जाणवते ते वजन. पुरुषांच्या प्रकारात नियमाने आठ किलोपर्यंतची रायफल चालते. ती जमिनीवर पालथे पडून पेलते, पण उभे राहिल्यावर दोन मिनिटांत खांदा बोलू लागतो. दस्ता लाकडी असेल या समजुतीने गेलेल्याला तो अवजारासारखा वाटेल. गालाची पट्टी, खांद्याचा टेकू, हाताची मूठ, सगळे स्क्रूवर मागे-पुढे होते. मेकॅनिकलवाल्याला हरखून जायला एवढे पुरे. बोल्ट इतका अलगद सरकतो की तेलावर चालल्यासारखा. चाप मात्र फारच हलका. बोट टेकताच सुटेल असे वाटत राहते. धक्का म्हणावा असा जवळपास नाहीच.

एनसीसीतल्या जुन्या .22 डिलक्स रायफलची आणि हिची जात एकच. ती फक्त पावणेतीन किलोच्या आसपास आणि जेमतेम 25 यार्डांवर वापरायची. सामान्य घरातल्या मुलाचा .22शी संबंध येतो तो बहुतेक तिथेच, आणि वर्षातून मोजक्या गोळ्यांपुरता.

लक्ष्याची गोष्टही सांगायला हवी. 50 मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ 10.4 मिमी व्यासाचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. गोळीला तिथे पोहोचायला सेकंदाचा सहावा हिस्सा लागतो आणि तेवढ्यात वारा तिला ढकलतो. म्हणून रेंजवर बारीक झेंडे लावलेले असतात. बंद हॉलमधल्या 10 मीटरच्या सरावात वारा वाचायला शिकता येत नाही. त्याला मोकळे मैदान आणि भरपूर काडतुसे लागतात.

अडते कुठे?

छर्रा स्वस्त असतो. मॅच दर्जाचे काडतूस त्याच्या कित्येक पट महाग आणि बहुधा परदेशी. थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत 60 गोळ्या मोजल्या जातात, त्याआधी नेम बसवायच्या गोळ्या वेगळ्या. त्यातही एका लॉटची काडतुसे एका नळीतून चांगली जातात, दुसऱ्या नळीतून तीच भरकटतात. मोठे नेमबाज लॉट तपासून घेतात, आपल्या मुलांना मिळेल ते मारावे लागते.

शस्त्र कायदा 1959 नुसार ही रायफल अग्निशस्त्र आहे. परवाना लागतो आणि त्यासाठी वयाची अट 21 वर्षे. त्याआधी प्रशिक्षणापुरती मुभा कायद्यात आहे, पण प्रशिक्षणासाठी रायफल कुणाची, हा प्रश्न उरतोच. मॅच रायफलची किंमत लाखांत जाते. शिक्षक, शेतकरी किंवा साखर कारखान्यातल्या कामगाराने ती घ्यावी असे म्हणणे सोपे आहे.

उपाय कायद्यातच आहे का?

माझ्या मते आहे. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. पण मान्यताप्राप्त रायफल क्लबचे सदस्य सरावासाठी वापरत असलेली .22 रायफल या मर्यादेतून वगळलेली आहे. क्लब ही सरावाची जागा आहे, हे संसदेने मान्य केलेले आहे. मग तालुक्याच्या ठिकाणी क्लबच्या मालकीच्या दोन-चार रायफली, कुलूपबंद शस्त्रागार आणि 50 मीटरची एक भिंतबंद रेंज का नसावी? सुरक्षेची भीती रास्त आहे. पण घरोघरी परवाने देण्यापेक्षा एका जागी नोंद ठेवून शस्त्रे ठेवणे पोलिसांनाही सोयीचे.

स्वप्निलच्या पदकानंतर राज्य सरकारने लगेच 1 कोटीचे बक्षीस जाहीर केले. ते त्याच्या कष्टाचे होते, त्याबद्दल दुमत नाही. त्याआधी 2010 मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 50 मीटर प्रोनमध्ये जगज्जेतेपद मिळवले, तेव्हाही कौतुक झालेच. मधल्या 14 वर्षांत इस्लामपूरच्या एखाद्या मुलीला 50 मीटरवर नियमित सराव करता यावा अशी सोय तालुक्यात उभी राहिली का, हे येत्या क्रीडा निधीच्या बैठकीत कुणीतरी विचारायला हवे.