एआय आलं, मग उंदीर कशाला?

आमच्या बीडच्या ऊसतोड कामगाराला फडात घोणस चावली, तर प्रतिविषच जीव वाचवतं. त्याची ताकद उंदरांवर मोजतात: विष आणि औषध मिसळून टोचायचं, किती जगतात ते बघायचं. १ मिली औषधाने घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी व्हायलाच हवं.

जानेवारी २०२५ मध्ये डेव्हिड बेकर यांच्या टीमने नागाच्या विषातले काही घटक रोखणारी प्रथिनं एआयने डिझाइन केल्याचं जाहीर केलं. पण तपासली शेवटी उंदरांवरच!

२०२३ पासून भारतात नव्या औषधासाठी उंदरांऐवजी पेशी किंवा कॉम्प्युटर मॉडेल वापरायला नियमाने परवानगी आहे. उंदीर कमी व्हावेत, हे मलाही वाटतं. पण टेस्टिंगशिवाय माझा साधा कोडही लाइव्ह जात नाही. इथे तर खाटेवर आपला माणूस असतो.